ब्रेन कॅरियर घरच्या आवारात दुरुस्त करताना: आधी पट्टा, मग इंजिन

जुनी युनिव्हर्सल कॅरियर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली पट्ट्यांवर चालणारी छोटी चिलखती गाडी, हाती आली की बहुतेक जण पहिल्या आठवड्यातच इंजिनाला हात घालतात. फोर्डचं व्ही-८ इंजिन ओळखीचं असतं, त्याचे भाग मिळतात, आणि बंद इंजिन धडधडू लागलं की काम अर्धं झाल्यासारखं वाटतं. पण ही गाडी अडते ती खाली, म्हणजे पट्टा, बोगी (पट्ट्यावर चालणाऱ्या चाकांची जोडी) आणि स्टिअरिंगच्या सरकत्या नळीत. इंजिन दुरुस्त केलेली, रंग चढवलेली कॅरियर पहिल्याच वळणाला सरळ निघून जाते किंवा पट्टा टाकून बसते, आणि मग चकचकीत रंगासकट सगळं पुन्हा उघडावं लागतं. म्हणून या लेखातला क्रम खालून वर जाणारा आहे.

ओळख थोडक्यात. 'ब्रेन कॅरियर' हे बोलीतलं नाव, 'युनिव्हर्सल कॅरियर' हे अधिकृत. उत्पादन १९४० पासून. ब्रिटनमध्ये एव्हलिंग-बारफर्ड, सेंटिनेल, थॉर्निक्रॉफ्ट, वुल्सली आणि फोर्डने, कॅनडात फोर्डने, शिवाय ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्येही ती बनली. लांबी सुमारे १२ फूट, रुंदी ६ फूट ९ इंच, कवच ७ ते १० मिलिमीटर, लढाईच्या सामानासह वजन चार टनांच्या आसपास, वेग ताशी ३० मैल. घरी दुरुस्त करता येतील अशा पट्ट्याच्या लष्करी गाड्यांत हिच्याइतकी सोयीची दुसरी नाही, कारण इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा आस हे सगळं फोर्डच्या ट्रक घराण्यातलं आहे.

घेण्याआधी काय बघायचं

युद्धानंतर अनेक कॅरियर शेतावर ट्रॅक्टर म्हणून राबल्या. त्यासाठी बाजूचं कवच कापून टाकलं गेलं. कापलेलं कवच पुन्हा बसवता येतं, पण ते पत्र्याचं काम आहे आणि पैसे देऊन करून घेता येतं. हरवलेली बोगी, फुटलेलं स्प्रॉकेट (पट्टा फिरवणारं दातेरी चाक), वाकलेली सरकती नळी या गोष्टी मात्र पैसे असूनही वेळेवर मिळत नाहीत. दोन गाड्यांपैकी एक निवडायची असेल, तर वरून भंगार दिसणारी पण खालून पूर्ण असलेली घ्यावी.

सोबत टॉर्च, चुंबक, तारेचा ब्रश आणि मोजपट्टी न्या. सहाही चाकं पहारीने हलवून बघा. स्टिअरिंग फिरवून कोणाला तरी पुढच्या बोगीकडे लक्ष ठेवायला सांगा, ती आडवी सरकते का हे कळतं. नंबर-पाट्या आणि कवचावर ठोकलेले आकडे यांचे फोटो घ्या. ब्रिटिश लष्करी नोंदणी क्रमांक 'टी' अक्षराने सुरू होतो, आणि जुन्या रंगाचे थर हलक्या हाताने घासले तर तो कधीकधी अजून सापडतो. तो सापडेपर्यंत सँडब्लास्टिंग करू नका, एकदा उडाला की गेला.

वाहतुकीचा हिशोब आधीच करा. ब्रिटनमध्ये मोटारीमागे ओढायचा ट्रेलर एकूण ३,५०० किलोपर्यंतचा असतो, त्यात ट्रेलरचं स्वतःचं वजनही धरलेलं. पूर्ण कॅरियर त्यावर बसत नाही. विंच असलेली लॉरी लागते. आणि घरी आणल्यावर: ब्रिटनमधल्या गॅरेजचा साधा दरवाजा ७ फूट रुंद, गाडी ६ फूट ९ इंच रुंद. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच उरतो. न वळणारी गाडी त्यातून आत घालणं म्हणजे चौकट मोडणं. बाहेर काँक्रीटची फरशी आणि वर छप्पर हेच बरं, चारी बाजूंना किमान चार फूट जागा ठेवून.

उघडण्याआधीचे धोके

पहिल्या दिवशी आतला कचरा हाताने, सावकाश काढा. तळातल्या मातीत जुनी काडतुसं सापडतात. जिवंत दिसणारं काहीही सापडलं तर हलवू नका, पोलिसांना कळवा. जुन्या लष्करी घड्याळांच्या अंधारात चमकणाऱ्या तबकडीवर रेडियमचा रंग असू शकतो. तिची काच उघडायची नाही, रंग खरवडायचा नाही. ब्रेकचे लायनिंग, क्लचची प्लेट, सायलेन्सरवरचं वेष्टन आणि जुनी गॅस्केटं ॲस्बेस्टॉसची धरून चाला: आधी पाण्याने भिजवा, पी-३ दर्जाचा मास्क लावा, काढलेला माल दुहेरी पिशवीत बंद करा, आणि ड्रममधली धूळ हवेने फुंकू नका. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडं घासकामही नको.

उचलताना जॅक तळाच्या पत्र्याला लावायचा नाही, तो पातळ आहे आणि दबतो. जॅक मागच्या आसाच्या घराखाली आणि पुढे बाजूच्या कवचाच्या जाड कडेखाली. मग रेल्वेच्या स्लीपरसारखे लाकडी ठोकळे आडवे-उभे रचून वजन त्यांवर सोडा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, एका मिनिटासाठीसुद्धा नाही.

आट्यांचा घोळ

ब्रिटनमध्ये बनलेल्या कॅरियरमध्ये एकाच गाडीत दोन घराण्यांचे नट-बोल्ट असतात. इंजिन, गिअरबॉक्स, आस फोर्डचे, म्हणून अमेरिकन आटे. कवच आणि बोगीकडे ब्रिटिश व्हिटवर्थ किंवा बीएसएफ (ब्रिटिश बारीक आटे). तीन-अष्टमांश इंचाच्या बोल्टला व्हिटवर्थमध्ये इंचाला १६ आटे आणि अमेरिकन जाड आट्यातही १६. पण एकाचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. चुकीचा बोल्ट हाताने आरामात जातो, पान्याने आवळला की आटे खातो. बारीक आट्यात फरक लगेच दिसतो: बीएसएफ २०, अमेरिकन २४. म्हणून थ्रेड गेज खिशातच हवं, आणि काढलेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागेच्या नावासह वेगळ्या पिशवीत. व्हिटवर्थ पान्यांचा एक पूर्ण संच घ्या. मेट्रिक पाना 'जवळपास बसतो' म्हणून वापरला की नटाचे कोपरे गेले.

पट्टा सोडणं आणि मोजणं

प्रत्येक पट्ट्यात दीडशेहून जास्त कड्या. कडी ओतीव लोखंडाची, रुंदी साडेनऊ इंच, एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचं अंतर पावणेदोन इंच. पिन कोरडी चालते. तिला ग्रीस लावायचं नाही. ग्रीसमध्ये धूळ बसून घासपेस्ट तयार होते, आणि पिन व भोक दोन्ही झिजतात. नव्या माणसाचा हात इथे हमखास ग्रीसगनकडे जातो.

सोडण्याआधी मोजमाप घ्या. पट्टा ताणलेला असताना सरळ भागात सलग दहा कड्या पिनेच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. नवीन पट्टा साडेसतरा इंच, म्हणजे ४४४.५ मिलिमीटर भरतो. १८ इंच भरला तर प्रत्येक कडीमागे सव्वा मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त झीज झाली. असा पट्टा स्प्रॉकेटच्या दातांवर नीट बसत नाही, दातांच्या टोकावर चढतो आणि उडी मारतो. दोन्ही बाजूंना चार-चार ठिकाणी मोजा आणि वहीत लिहा. एक पट्टा दुसऱ्यापेक्षा स्पष्ट लांब असेल, तर नवीन-जुन्या कड्या दोन्ही बाजूंत वाटून बसवा. एका बाजूला सगळ्या नव्या आणि दुसऱ्या बाजूला सगळ्या जुन्या असं केलं तर गाडी कायम एकीकडे ओढते.

सोडण्याचा क्रम असा:

१. गाडी सपाट जागेवर, दुसऱ्या बाजूच्या पट्ट्याखाली पुढे-मागे पाचर.
२. पुढच्या आयडलरचे (पट्ट्याला ताण देणारं चाक) ताण-बोल्ट तारेच्या ब्रशने साफ करून, भेदक तेल देऊन एक रात्र सोडा. मग आयडलर पूर्ण मागे घ्या. बोल्ट जोर लावून फिरवला तर तुटतो, आणि तुटलेला बोल्ट काढणं हे दोन दिवसांचं काम आहे.
३. आयडलर आणि जमीन यांच्या मधली, हात पोहोचेल अशी पिन निवडा. टोक ठोकून पसरवलेलं असेल तर ते ग्राइंडरने सपाट करा.
४. पिनेपेक्षा थोडा बारीक, लांब सुंभा आणि दोन किलोचा घण. पलीकडे दुसऱ्या माणसाने जड ठोकळा धरायचा. डोळ्यांना गॉगल हवाच, कारण कडक पिनेचे कपचे गोळीसारखे उडतात.
५. पिन सुटताच पट्टा वरून घसरतो. वरच्या भागाला आधीच दोर बांधून ठेवा. पूर्ण पट्टा एका माणसाने उचलण्याजोगा नसतो.

सुटा पट्टा पसरून प्रत्येक कडी हातोडीने टिचकी मारून ऐका. चांगली कडी खणकते, चिरलेली बद्द वाजते. शंका असेल तिथे लाल रंगाचं चीर-शोधक द्रव आणि पांढरी भुकटी वापरा. चिरा बहुतेक पिनेच्या भोकाच्या कानाशी असतात. चिरलेली कडी वेल्ड करू नका, ओतीव लोखंड वेल्डच्या शेजारीच पुन्हा चिरतं.

स्प्रॉकेटचे दात एका बाजूने आकड्यासारखे झिजले असतील, तर डावं-उजवं स्प्रॉकेट अदलाबदल केल्याने न झिजलेली बाजू कामाला येते. पण दात टोकदार झाले असतील तर नवीनच हवं. जुनं स्प्रॉकेट नव्या पट्ट्याचे कानसुद्धा खातं.

बोगी आणि चाकं

प्रत्येक बाजूला तीन चाकं: पुढे दोन चाकांची जोडी, मागे एक सुटं. वजन घेतं ते हॉर्स्टमन पद्धतीचं आडवं स्प्रिंग. (अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियन उभा आहे. त्याची चाकंही याच कुळातली, फक्त कितीतरी पटींनी मोठी. बोगीच्या दोन बाहूंच्या मध्ये दबलेलं स्प्रिंग कसं काम करतं हे तिथे वाकून बघितलं की चित्र डोक्यात पक्कं होतं.)

स्प्रिंग दबलेलं असतं, हे विसरून बोल्ट कापला तर हात किंवा दात जातो. उलगडण्याआधी बोगीच्या दोन्ही बाहूंना बाहेरून आवळणाऱ्या दोन जाड आट्यांच्या सळया, दोन्ही टोकांना नट घालून, बसवा. मग मूळ बोल्ट काढा आणि सळयांचे नट आलटून-पालटून थोडे-थोडे सैल करा. सुटलेल्या स्प्रिंगांची मोकळी लांबी मोजा आणि सारख्या लांबीची स्प्रिंगं समोरासमोर येतील अशी जुळवा.

चाकाच्या धावेवर रबर चिकटवलेलं असतं. रबर आणि धाव यांच्या मध्ये फीलर गेजचं पातं शिरलं, तर चिकटण सुटलेली आहे. असं चाक उभ्या गाडीत वर्षानुवर्षं टिकतं आणि चालत्या गाडीत पहिल्या दहा किलोमीटरमध्ये साल सोडतं. नव्याने रबर चढवून घ्यायचं तर गरम दाबाने चढवलेलं नैसर्गिक रबर उत्तम. पॉलियुरेथेन मैदानात, कमी वेगात चालतं, पण सलग वेगात आतून तापतं. बेअरिंगं इंच मापाची निमुळत्या रोलरची, क्रमांक कड्यावर कोरलेला असतो, तो वाचूनच मागवा. सील नवीनच टाका. चिखल आत शिरतो तो सीलच्या वाटेने, आणि चाक गरम होतं ते त्याच चिखलाने.

सरकती नळी

कॅरियरचं वेगळेपण हेच. पुढच्या दोन्ही बोगी गाडीच्या आरपार जाणाऱ्या एका जाड नळीच्या टोकांवर बसवलेल्या असतात. चालक स्टिअरिंग थोडं फिरवतो, तेव्हा ही नळी आडवी सरकते. तिच्याबरोबर बोगी सरकतात आणि जमिनीवरचा पट्टा धनुष्यासारखा वाकतो. वाकलेल्या पट्ट्यावर गाडी आपसूक वळते, ब्रेक न लावता. चाक आणखी फिरवलं की मग त्या बाजूच्या स्प्रॉकेटचा ब्रेक लागतो, डिफरन्शियल दुसऱ्या बाजूला जास्त फेरे देतो आणि गाडी जागच्या जागी तीव्र वळते.

पन्नास-साठ वर्षं उभ्या असलेल्या गाडीत नळी तिच्या घरात गंजून घट्ट झालेली असते. मग स्टिअरिंगचा पहिला टप्पा मेलेला राहतो आणि प्रत्येक छोटं वळणही ब्रेकवर घ्यावं लागतं. लायनिंग जळतात, ड्रम निळे पडतात, चालक घामाघूम होतो. पुष्कळ लोक ब्रेक दुरुस्त करत बसतात. दोष ब्रेकचा नसतो.

मोकळी करण्यासाठी बोगी उतरवा, म्हणजे नळीवर वजन राहणार नाही. दोन्ही टोकांना भेदक तेल, रोज एकदा, आठवडाभर. मग गॅसच्या मोठ्या बत्तीने बाहेरचं घर सगळीकडून सारखं तापवा. कापायची बत्ती नको, ती एका जागी लाल करते. तेल पेट घेऊ शकतं, अग्निशामक हाताशी ठेवा. नळीच्या टोकाला लाकडाचा किंवा पितळेचा ठोकळा लावून हायड्रॉलिक जॅकने हळू दाब द्या, मग दुसऱ्या बाजूने. केसभर हलली की जिंकलं, तीच हालचाल पुढे-मागे वाढवत न्या. टोकावर घण घालू नका. टोक पसरलं की नळी घरातून कधीच निघत नाही.

बाहेर आल्यावर मायक्रोमीटरने तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी उभं-आडवं मोजा. व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने वाक बघा. वरवरचा गंज बारीक पॉलिश कागदाने जातो. खोल खड्डे असतील तर हार्ड क्रोम करून ग्राइंडिंग करून घ्या. बुश झिजले असतील तर लेथवर काशाचे नवीन, नळी आणि बुशमध्ये चार ते सहा थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोकळीक ठेवून. त्याहून घट्ट ठेवली तर चिखल आत गेल्यावर नळी पुन्हा अडकते. ग्रीसच्या निप्पलमागचं भोक तारेने आरपार साफ करा. निप्पल नवीन आणि भोक बुजलेलं, अशी गाडी बाहेरून ग्रीस केलेली दिसते आणि आतून कोरडी राहते.

जोडणी झाल्यावर दोन्ही स्प्रॉकेट जमिनीपासून उचललेली ठेवून तपासा. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की नळी डावीकडे सरकली पाहिजे. पट्ट्याचा मधला भाग वळणाच्या बाहेरच्या अंगाला जातो, म्हणून. उलटं होत असेल तर लिंकेज उलट जोडलंय. आता स्टिअरिंगच्या चाकावर आणि त्याच्या खांबावर खडूने खूण करा. नळीचा प्रवास संपतो ती जागा, आणि ब्रेक धरू लागतो ती जागा. ब्रेक नळीनंतर धरला पाहिजे, आधी नाही. उजवीकडे आणि डावीकडे या दोन खुणांचं अंतर सारखं येईपर्यंत ब्रेकच्या दांड्या जुळवा. गिअर टाकलेला असताना एक स्प्रॉकेट हाताने फिरवलं तर दुसरं उलट दिशेला फिरलं पाहिजे. नाही फिरलं तर डिफरन्शियल उघडावं लागेल, आणि ते आताच कळलेलं बरं.

ब्रेक शूवर तेलाचे डाग असतील तर आसाचं सील गेलं आहे. तेल प्यालेलं लायनिंग धुऊन चालत नाही, बदलायचंच. नवीन लायनिंगच्या रिव्हेटचं डोकं पृष्ठभागापासून चांगलं खोल बसलेलं हवं.

तळ आणि कवच

तळाचा पत्रा कवचासारखा नाही, पातळ आहे. युद्धात याची किंमत सुरुंगांनी वसूल केली. खडकीच्या रॉयल बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्समधले सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्र सिंग भगत १९४१ च्या सुरुवातीला ॲबिसिनियात (आजचा इथिओपिया) मेटेम्मा घेतल्यानंतरच्या पाठलागात आघाडीच्या कॅरियरमध्ये बसून ५५ मैलांच्या वाटेवरचे १५ सुरुंगपट्टे शोधत आणि साफ करून घेत गेले. चार दिवसांत दोनदा त्यांच्या खालची कॅरियर सुरुंगाने उडाली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आज तळाचा शत्रू पाणी आहे. चालकाच्या पायाखाली, इंजिनाच्या बाजूच्या कोपऱ्यांत आणि सामानाच्या पेट्यांमागे गंज आधी लागतो. पाणी निघायची भोकं मोकळी करा. सुरी खुपसून पत्रा दबतो तिथवर नाही, तर त्यापुढे दोन इंच चांगल्या धातूपर्यंत कापून नवीन पत्रा बसवा. वरून ठिगळ लावलं की दोन पत्र्यांत पाणी बसतं.

कवचाचं पोलाद कडक असतं. साध्या रॉडने थंडीत वेल्ड केलं तर सांधा चांगला दिसतो आणि दुसऱ्या दिवशी शेजारी केसासारखी चीर येते. कारण वेल्डमधला हायड्रोजन आणि झपाट्याने थंड होणारी कडक कड. भट्टीत वाळवलेले ७०१८ (कमी हायड्रोजनचे) रॉड वापरा, वेल्डआधी कडा हाताला सोसवणार नाही इतक्या गरम करा, छोटे-छोटे टप्पे घ्या, नंतर जाड कापडाने झाकून हळू थंड होऊ द्या. रिव्हेटच्या जागी गोल डोक्याचे बोल्ट चालतात, पण आत नट दिसतो. जमत असेल तर खरे रिव्हेट गरम करून दोघांनी मिळून ठोका. काम कष्टाचं आहे, पण शंभर टक्के करण्यासारखं.

इंजिन

फोर्डचं साइड-व्हॉल्व्ह व्ही-८, २२१ घनइंच, ८५ अश्वशक्ती. बोअर ३ पूर्णांक १ सोळांश इंच, स्ट्रोक पावणेचार. काही कॅनेडियन गाड्यांत २३९ घनइंचाचं मिळतं. म्हणून पिस्टन मागवण्याआधी बोअर मोजा.

या इंजिनात जळालेला वायू ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या वाटेशेजारून बाहेर पडतो. म्हणून ते तापतं. त्यात पाण्याच्या जॅकेटमध्ये कारखान्यातली साच्याची वाळू आणि गंज साचलेला असतो. रेडिएटर पुढच्या दोघांच्या पाठीमागेच असल्याने तापलेलं इंजिन ते आधी त्यांनाच कळवतं. नुसता रेडिएटर साफ करून भागत नाही. ब्लॉक पूर्ण रिकामा करा, बाजूचे बूच काढा, वाकवलेल्या तारेने वाळू उकरा, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात इलेक्ट्रोलिसिस. निघणारा गाळ बघून धक्का बसतो.

अडकलेलं इंजिन आधी प्लग काढून, प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं घालून आठवडाभर सोडा, आणि मगच हॅन्डलने, पुढे-मागे. हेड सुटत नसेल तर छिन्नी घालून उचकटू नका. नट सैल करून, प्लग लावून इंजिन फिरवलं तर दाबानेच हेड उठतं. हेडचे स्टड सात-सोळांश इंची, आणि ते पाण्याच्या जॅकेटपर्यंत जातात. परत बसवताना आट्यांना सीलंट लावलं नाही तर पाणी आट्यातून वर येतं.

ब्लॉक साफ झाल्यावर, कुठलाही नवीन भाग विकत घेण्याआधी, चीर तपासून घ्या: चुंबकीय भुकटीने, आणि दाबाखाली गरम पाण्याने. चिरा व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरकडे जातात. सीट ते स्टडमधली छोटी चीर चालून जाते. सिलिंडरच्या भिंतीत उतरलेली चीर असेल तर दुसरा ब्लॉक शोधा किंवा लायनर घाला.

जोडणीचे आकडे: व्हॉल्व्हला जुळवणीचा स्क्रू नसतो, दांड्याचं टोक घासून फट ठेवावी लागते. इनलेट १० ते १२ थाऊ, एक्झॉस्ट १४ ते १६. एका वेळी थोडं घासा आणि पुन्हा मोजा, जास्त घासलं तर व्हॉल्व्ह वाया. कनेक्टिंग रॉडचं शेल या इंजिनात दोन रॉडमध्ये मोकळं फिरणारं असतं, क्रँकवरही आणि रॉडमध्येही. आधुनिक सवयीने ते अडकवायला जाऊ नका. हेडचे नट मधून बाहेर, २०, ३५ आणि मग ५० फूट-पौंड. इंजिन एकदा गरम होऊन थंड झालं की पुन्हा ५०.

डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टच्या पुढच्या टोकावर. त्यात पॉइंटचे दोन संच, फट १५ थाऊ. एक संच जोडतो, दुसरा तोडतो, म्हणून दोन्हींचा मेळ बाकावर, चाचणी यंत्रावर लावून घ्यावा. गाडीत वाकून अंदाजाने लावलेला मेळ कधी जमत नाही. प्लगची फट २५ थाऊ. ठिणगीचा क्रम १-५-४-८-३-६-७-२. गिअरबॉक्सकडून पंख्याकडे बघितलं तर उजवी ओळ पंख्याकडून १ ते ४, डावी ५ ते ८. थंड असताना छान आणि तापल्यावर ठोके चुकवणारं इंजिन म्हणजे बहुधा कंडेन्सर किंवा कॉइल. कार्ब्युरेटर उघडण्याआधी ते बदलून बघा.

पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुनी रबरी नळी आणि पंपाचा पडदा फुगतो. ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल आता ई-१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल), भारतात ई-२०. विटॉनच्या नळ्या आणि इथेनॉल सोसणारा पडदा घाला. जुन्या टाक्या धुतल्याशिवाय वापरू नका. पहिलं स्टार्ट पाच लिटरच्या वेगळ्या डब्यातून घ्या. त्याआधी प्लगशिवाय स्टार्टर फिरवून ऑइलचा दाब काट्यावर दिसू द्या. नवीन कॅमशाफ्ट असेल तर लगेच दीड हजार फेऱ्यांवर वीस मिनिटं, रिकाम्या फेऱ्यांवर सोडायचं नाही. रेडिएटरला मुळात होतं त्याच दाबाचं झाकण, जास्त दाबाचं लावलं तर जुने सांधे फुटतात.

गिअरबॉक्स चार गिअरचा, सरळ दातांचा. जीएल-४ दर्जाचं जाड तेल. जीएल-५ पितळी-काशी भागांना खातं.

वीज आणि रंग

बॅटरी घेण्याआधी डायनॅमो आणि स्टार्टरच्या पाट्या वाचा: किती व्होल्ट, आणि बॅटरीचं कुठलं टोक चेसिसला. अंदाज करू नका. सुती वेष्टनाची जुनी वायर वरून बरी दिसते, आत रबर भुगा झालेलं असतं. पूर्ण वायरिंग नवीन, आणि बॅटरीजवळ तोडणारा मोठा स्विच.

रंगाच्या बाबतीत आधी गाडी कुठल्या सालची आणि कुठल्या आघाडीची हे ठरवा. १९३९ पासूनची सुरुवात खाकी हिरवा क्रमांक ३ ने, १९४२ पासून एससीसी २ (एससीसी म्हणजे ब्रिटिश लष्कराचे ठरावीक छलावरण-रंग) तपकिरी, १९४४ पासून एससीसी १५ ऑलिव्ह. डोळ्यांना आवडणारा हिरवा निवडला की जाणकार लांबूनच ओळखतात. एपॉक्सी प्रायमरचे दोन हात, मग मॅट रंग. बोगीच्या आतल्या अंगाला जोडणीआधीच रंगवा.

कायदा

ब्रिटनमध्ये पट्ट्यावर वळणारी गाडी रस्त्यावर चालवायला परवान्यात 'एच' वर्ग लागतो. नोंदणीसाठी व्ही-५५/५ अर्ज आणि उत्पादन-वर्षाचा पुरावा, जो लष्करी वाहनांच्या मान्य संघटनांकडून मिळतो. चाळीस वर्षांवरच्या गाडीला रस्ता-करात सूट असली तरी ती नोंदवावी लागते. बंदूक, निकामी केलेली असली तरी, वेगळ्या कायद्यात येते. गाडीबरोबर आलीच तर आधी कागद बघा.

पट्टा चढवणं आणि पहिली फेरी

पट्टा जमिनीवर सरळ पसरा, गाडी विंचने त्यावर आणा, मागचं टोक दोराने स्प्रॉकेटवरून पुढे ओढून आयडलरवर घ्या. दोन टोकं रॅचेट-ओढणीने जवळ आणा, निमुळता सुंभा घालून भोकं जुळवा, मग पिन. बोटाने भोक जुळतंय का बघायचं नाही. दोन्ही बाजूंच्या कड्यांची संख्या मोजून घ्या. ताण मॅन्युअलमध्ये त्या पट्ट्याला दिलेल्या आकड्याप्रमाणे, दोन्हीकडे सारखा. जास्त ताणला तर बेअरिंगं तापतात आणि सरकत्या नळीला पट्टा वाकवता येत नाही. कमी ताणला तर पट्टा उतरतो.

पहिली फेरी मऊ गवताच्या मैदानात, दुसऱ्या गिअरमध्ये, दहा मिनिटं. आधी फक्त नळीवरची हलकी वळणं, ब्रेकवरचं वळण शेवटी. मागे जाताना वळू नका. त्या वेळी पट्ट्याचा ढिला भाग स्प्रॉकेटच्या चुकीच्या बाजूला येतो आणि पट्टा सर्वांत जास्त तेव्हाच उतरतो. डांबरावर किंवा काँक्रीटवर जागच्या जागी गरगर फिरवणं तर कधीच नको.

थांबल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने सहा चाकांच्या मधोमध, दोन्ही ड्रम आणि आसाचं घर यांचं तापमान घ्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम म्हणजे बेअरिंग घट्ट. एक ड्रम गरम म्हणजे त्या बाजूची दांडी ओढलेली. मग बोगीचे सगळे नट, आसाचे बोल्ट आणि हेडचे नट पुन्हा आवळा, पट्ट्याचा ताण पुन्हा जुळवा, कारण रंग आणि गंजाचे कण चिरडून पट्टा पहिल्याच फेरीत सैल होतो. पाच किलोमीटरनंतर पुन्हा, वीस किलोमीटरनंतर पुन्हा. पन्नास किलोमीटर झाले की पट्टा ताणलेला असताना त्याच दहा कड्या परत मोजा, आणि सुरुवातीच्या आकड्याशेजारी नवा आकडा तारखेसह लिहा.